पद्मिनीच्या पुढच्या चाकांच्या ब्रेकसाठी मेकॅनिक चाचांना आभारपत्र

आदरणीय चाचा यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पाचगणीहून वाईला पसरणी घाटाने उतरलो. मार्च महिन्यात याच उतारावर ज्या गाडीने माझ्या हातातले स्टिअरिंग डावीकडे ओढून नेले होते, तीच वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी या वेळी प्रत्येक वळणाआधी सरळ रेषेत वेग कमी करत होती. घरी पोहोचताच तुम्हाला फोन केला, पण ‘त्यात काय एवढे’ म्हणून तुम्ही विषय संपवलात. फोनवर जे ऐकून घेतले नाहीत ते लिहून कळवावे आणि जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या इतरांच्याही ते उपयोगी पडावे, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

मार्चमधल्या त्या प्रकारानंतर मी गाडी एका वर्कशॉपमध्ये दिली होती. तिथे पुढच्या चाकांपैकी फक्त उजव्या बाजूचा ड्रम (चाकासोबत फिरणारा, आतून ब्रेक लागणारा लोखंडी डबा) लेथवर टर्निंग करून, म्हणजे आतून कातून, बसवला आणि लायनर (ड्रमला घासणारे अस्तर) नवे टाकले आहेत, आता काळजी नको, असे सांगितले. प्रत्यक्षात गाडीची डावीकडची ओढ वाढली आणि ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली थरथरू लागले. तुमच्याकडे आलो तो खरे तर गाडी विकायचे मनात घेऊनच. हे मी तेव्हा बोललो नव्हतो.

तुम्ही पाना हातात घेण्याआधी गाडी रिकाम्या रस्त्यावर नेऊन दोनदा थांबवून पाहिलीत आणि मगच ती घोडीवर चढवलीत. डावा ड्रम निघेना; वर्षानुवर्षांच्या झिजेने त्याच्या काठाला कड उभी राहिली होती आणि तिच्यात शू (लायनर बसवलेल्या कमानी) अडकत होते. मी हातोडा उचलला, तर तुम्ही मला थांबवून शू आणि ड्रममधले अंतर ठरवणारा अ‍ॅडजस्टर मागे फिरवलात, शू आत घेतलेत आणि ड्रम दोन्ही हातांनी अलगद काढलात. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू द्यायला तुम्ही साफ नकार दिलात, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि ते छातीत गेले की परत निघत नाही. ओल्या फडक्याने ती पुसून घेण्यात पाऊण तास गेला, पण तुम्ही घाई केली नाहीत.

त्यानंतर जे दाखवलेत ते मी विसरणार नाही. उजव्या ड्रमचे आतले माप तुम्ही कॅलिपरने चार ठिकाणी घेतलेत. चारही मापे वेगळी निघाली आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापात जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक होता. पॅडल का थरथरते याचे उत्तर तिथेच मिळाले. मग ड्रमच्या आत खडू फासून त्यावर शू दाबून फिरवलात. लायनरच्या मधोमध जेमतेम दोन बोटे रुंदीचा पांढरा पट्टा उमटला आणि दोन्ही टोके कोरीच राहिली. वारंवार टर्निंग केल्याने ड्रमचा घेर वाढला होता, शूची गोलाई मात्र जुन्याच मापाची होती, त्यामुळे शू मध्यभागीच टेकत होता. उजवे चाक कमी धरत होते, डावे जास्त, आणि म्हणून गाडी डावीकडे जात होती. शिवाय पातळ झालेला ड्रम उतारावर लवकर तापतो, तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो, हेही तुम्ही समजावून सांगितलेत. एवढे महिने मी ज्याला गाडीचे म्हातारपण समजत होतो, तो हिशेबाचा दोष निघाला.

‘एक ड्रम बदलणार नाही, दोन्ही बदलायचे असतील तरच काम घेईन,’ असे तुम्ही स्पष्ट सांगितलेत. मला पुण्याच्या नाना पेठेत एकही जोडी मिळाली नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली; जो भाग रोज खपतच नाही, तो दुकानदार तरी किती दिवस ठेवणार? पण ही गाडी ज्या कुर्ल्यात तयार होत असे, तिथल्याच एका जुन्या ओळखीच्या माणसाला तुम्ही गाठलेत आणि तेलकट कागदात गुंडाळलेले, कधीही न वापरलेले दोन ड्रम मागवून घेतलेत. पावतीवर होते तेवढेच पैसे घेतलेत. हमाली देऊ केली तीही नाकारलीत.

नवे ड्रमही तुम्ही तसेच चढवले नाहीत. गंज लागू नये म्हणून त्यांना लावलेले तेल थिनरने पुसून काढलेत, नव्या लायनरची गोलाई घासून ड्रमशी जुळवलीत आणि पुन्हा खडू लावलात. या वेळी पांढरा रंग लायनरभर पसरला, तेव्हा तुम्ही नुसती मान डोलावलीत. शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे रबर मी रॉकेलमध्ये बुडवणार, तोच तुम्ही माझे मनगट धरलेत. रॉकेलने रबर फुगते, ते ब्रेक ऑइलनेच धुवायचे, हे त्या दिवशी कायमचे शिकलो. ब्रेक ऑइलच्या नळ्यांत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढताना माझ्या मुलाला पॅडलवर बसवलेत आणि पॅडलच्या दाबाने ऑइल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केलीत. ‘दाब, धरून ठेव, आता सोड’ या तुमच्या आवाजावर तो पोर तासभर एकाग्र बसला होता. बाटलीतले शेवटचे बुडबुडे थांबल्यावर त्याला जो आनंद झाला, तो मी त्याच्या तोंडावर क्वचितच पाहिला आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पहिले तीनशे किलोमीटर मी जोराचा ब्रेक टाळला आणि मगच घाटात गेलो. ब्रेक ऑइलची पातळी उतरलेली नाही आणि चारही चाकांजवळ ओल नाही. अ‍ॅडजस्टर पुन्हा बघायला म्हणालात, त्यासाठी पुढच्या शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो. मुलगाही सोबत येणार आहे. या वेळी त्याला पॅडलवर नव्हे, हवा बाहेर सोडणाऱ्या निपलजवळ बसायचे आहे.

तुमचा मनापासून ऋणी,
क्रीम रंगाच्या पद्मिनीचा मालक