लायोलच्या चाकू-कारागिरास जाहीर आभार

सप्रेम नमस्कार.

फ्रान्समधल्या ओब्राक पठारावरच्या तुमच्या लायोल गावचा घडीचा चाकू कसा जपायचा, हे तुम्ही न कंटाळता समजावून सांगितलंत. चाकू विकणारे पुष्कळ भेटतात, विकल्यानंतरच्या शंका ऐकून घेणारे थोडे.

सगळ्यात उपयोगी पडलं ते चाकू मिटण्याबद्दलचं. याला खिट्टी नसते. पाठीवरची स्प्रिंग, म्हणजे पोलादी पट्टी, पात्याची टाच, म्हणजे सांध्याकडचा भाग, दाबून धरते इतकंच. मिटताना शेवटी हीच पट्टी पातं आत ओढते. हात सोडला की ‘टक्’ असा झकास आवाज येतो आणि धार आतल्या पोलादावर आपटते. पातं उजेडात धरून पाहिलं तर त्या जागी एक चमकता ठिपका दिसतो, टोमॅटो चिरताना चाकू तिथेच अडतो. म्हणून पातं शेवटपर्यंत बोटांनी धरून मिटायचं. बोथटलेली जागा तेवढीच घासली तर धारेत खळगा पडतो; १००० नंबरच्या दगडावर, १५ ते २० अंशांत, टाचेपासून टोकापर्यंत सारखे हात मारायचे.

पातं डावी-उजवीकडे हलू लागलं तर ऐरणीवर टेकवून सांध्यातल्या रिव्हेटच्या डोक्यावर हलके ठोके द्यायचे आणि दोन-तीन ठोक्यांनंतर उघडझाप करून पाहायची. जोर जास्त झाला की पातं जाम होतं. सांध्यात शिलाई मशीनचं तेल एक थेंब पुरे. आपल्याकडे हाताशी असतं म्हणून खोबरेल घालतात; ते थंडीत गोठतं.

लाकडाचं तर तुम्ही फार नेमकं सांगितलंत. मूठ जुनिपरची असो वा ऑलिव्हची, लाकूड दमट हवेत फुगतं, आतले पितळी पत्रे फुगत नाहीत. कोकणातल्या जुलैत लाकूड पितळेच्या वर येतं आणि त्या कडेवर नख अडकतं. अशा वेळी कानस उचलायची नाही! आत्ता सपाट केलेलं लाकूड उन्हाळ्यात आकसून पितळेच्या खाली जातं. कोरड्या हवेत जवसाच्या तेलाचे दोन थेंब फडक्याने चोळायचे, उरलेलं पुसून घ्यायचं. ते फडकं चुरगाळून टाकायचं नाही, पसरून वाळवायचं. गोळा करून ठेवलं तर आपोआप पेट घेऊ शकतं.

एक्ससी७५ या कार्बन पोलादाचं पातं कैरी किंवा लिंबू कापल्यावर काळवंडतं. तो गंज नव्हे, पण लगेच धुऊन कोरडं केलं नाही तर गंजही चढतो. ज्याला एवढं सांभाळायचं नाही त्याने १२सी२७ हे स्टेनलेस पोलाद घ्यावं, त्यात क्रोमियम भरपूर असतं. पातं कुठलंही असो, चाकू भांड्यांबरोबर भिजत घालू नये.

स्प्रिंगच्या टोकावरची माशीची आकृती नेपोलियनने बहाल केली, असं विक्रेते अजून सांगतात. हा चाकू १८२९ च्या सुमाराचा मानतात, आणि नेपोलियन १८२१ मध्येच वारला होता. माशी पाहून, किंवा पात्यावर ‘लायोल’ वाचून, चाकू तुमच्या गावचा ठरत नाही हेही कळलं. फ्रान्समधल्याच थिएर शहरातही उत्तम लायोल चाकू बनतात, आणि त्याच नावाने आशियातून स्वस्त नकलाही येतात. आता आम्ही आधी स्प्रिंगची पाठ बघतो: हाताने कानस फिरवलेल्या नक्षीत दोन खाचा हुबेहूब सारख्या नसतात.

आपले आभारी,
घडीचे चाकू वापरणारे आणि त्यांना धार लावणारे काही मराठी मित्र