यंदा चवथीला आम्ही दोघं येत नाही

पर्वरी,
नारळी पौर्णिमा

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं जमत नाही. आई फोन स्पीकरवर टाकते, बाबा मागून बोलतात, तेवढ्यात शेजारची काकी डोकावते आणि मी "बरं आहे सगळं" म्हणून ठेवून देते. म्हणून लिहिते आहे. बाबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायचं आणि आईने मध्ये मध्ये "म्हणजे काय?" विचारायचं नाही. पुढे सगळं लिहिलंय.

यंदा चवथीला, गणपतीला, आम्ही दोघं येत नाही. ठरलंय. सोनूला पाठवते, तो पाचही दिवस तुमच्याकडे राहील. लग्नानंतरही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी घरी पोचले नाही असं कधी झालं नाही, हे मला कळतं. पण डिचोलीला भाऊजींकडेही आम्ही जात नाही आहोत, तेव्हा माहेरालाच नकार दिला असं मनात आणू नका. त्यांनी समजून घेतलं. तुम्हीही घ्याल.

बाबांनी विचारलं होतं, की ह्यांना गाडीचा त्रास होईल म्हणून येत नाही का? नाही. गाडीने दोन तास बसवतं त्यांना. वाळपई काही अमेरिका नाही. कारण वेगळं आहे आणि ते ह्यांच्याच शब्दांत सांगते: "बाहेरच्या खोलीत मला खुर्चीवर बसवतील आणि येणारा प्रत्येक जण नजरेनेच माझं वजन करील." मी म्हटलं, असं कोण करतं? मग मला मावशीच्या वेळची चवथ आठवली आणि मी गप्प बसले. तुम्हालाही आठवेल.

आता ह्यांच्या तब्येतीचं, पहिल्यापासून. गेल्या वर्षी शिगमा झाल्यावर डावी किडनी काढली, हे तुम्हाला माहीतच आहे. कॅन्सरची गाठ आठ सेंटीमीटरची होती, पण किडनीच्या आतच होती. मामी दर फोनला विचारते, "किमो का नाही दिला? खर्च वाचवला का?" तिला सांगा, किडनीच्या कॅन्सरवर नेहमीचा किमो फारसा चालतच नाही. गाठ पूर्ण काढणं हाच पहिला उपाय, आणि मग डोळे उघडे ठेवून तपासण्या करत राहायचं. खर्चाचा प्रश्न असता तर मी आधी तुमच्याकडेच आले असते.

तपासण्या ठरलेल्या दिवशी होतात. भीती ठरलेल्या दिवशी येत नाही. आधी टाक्याच्या बाजूला कुशीत फुगवटा दिसायला लागला. शर्ट घट्ट झाला म्हणून आरशासमोर उभे राहिले तर डावीकडे पोट बाहेर. मला वाटलं, गाठ परत आली. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, खोकायला लावलं, उताणं झोपवून मान उचलायला सांगितली. निघालं काय, तर बरगडीखाली कापताना तिथल्या स्नायूंची नस दुखावते, स्नायू सैल पडतात आणि तेवढा भाग पुढे येतो. हर्निया नाही, गाठ तर नाहीच. तो फुगवटा बहुतेक राहील. त्यावर हात फिरवला तर तिथली कातडी बधिर लागते म्हणतात, पँटच्या पट्ट्यापर्यंत.

मग एका रात्री लघवी गुलाबी झाली. ह्यांनी आतून हाक मारली ती अशी, की मी गॅस तसाच टाकून धावले. रात्री अकराला आम्ही कॅज्युअल्टीत. लघवी तपासली, रक्ताची एक पेशीही नाही. तिथली तरुण डॉक्टरीण विचारते, "जेवणात काय होतं?" बिटाची कोशिंबीर. अर्धा वाडगा. बाबा, हसू नका, मीही तिथे हसले नाही. घरी येऊन हसलो, दोघंही, पहाटेपर्यंत. डॉक्टरीण मात्र म्हणाली की आलात ते बरोबरच केलंत. एक किडनी असलेल्या माणसाची लघवी लाल दिसली तर बीट की रक्त, हे घरी ठरवत बसायचं नाही.

आणि मग खोकला. आईने फोनवर ऐकलाच होता, कोरडा, ठसक्यासारखा, बोलता बोलता येणारा. आईने आल्याचा चाटण सांगितला, तो दिला. नाही गेला. किडनीचा कॅन्सर पसरला तर बहुतेक वेळा आधी फुप्फुसात जातो, हे मला तोवर पाठ झालं होतं, त्यामुळे तो प्रत्येक ठसका माझ्या पोटात लागायचा. रात्री हे कुशीवर वळले तरी मला जाग यायची. शेवटी स्कॅन लवकर करून घेतला. त्याच वेळी डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी मागितली आणि बीपीच्या गोळीवर बोट ठेवलं. रामिप्रिल. ऑपरेशननंतर सुरू केलेली. तिने काही जणांना असाच कोरडा खोकला येतो. गोळी बदलली आणि तीन आठवड्यांत खोकला गेला.

खोकला गेला, पण त्याच्यासाठी केलेल्या स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात एक ठिपका दिसला. पाच मिलिमीटरचा. हे मी तुम्हाला आता सांगते आहे, कारण आता मला ते रडल्याशिवाय लिहिता येतं.

तो ठिपका कशाचा, हे आज कोणालाच सांगता येत नाही. जुन्या टीबीचा व्रण असू शकतो, आपल्याकडे कित्येकांच्या छातीत असतो. मागे झालेल्या एखाद्या तापाची खूण असू शकते. आणि दुसरंही असू शकतं. सुई घालून तुकडा काढावा एवढा तो मोठा नाही. दादा म्हणतो पेट स्कॅन करा, सगळ्या अंगात कॅन्सर शोधणारा, मुंबईला न्या, मी तिकिटं काढतो. त्याचा जीव तुटतो, मला समजतं. पण आम्ही विचारलं. पेट स्कॅनमध्ये एवढा बारीक ठिपका भरवशाने कळत नाही, त्यातून किडनीचा कॅन्सर कित्येकदा पेटमध्ये नीट उजळतच नाही. दुसऱ्या डॉक्टरांना सगळ्या फिल्म दाखवल्या, त्यांचंही तेच मत पडलं: तीन महिने थांबा, पुन्हा स्कॅन करा. वाढला तर कळेल, तसाच राहिला तर तेही कळेल. तो स्कॅन दसऱ्याच्या आसपास आहे.

थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, हे बाबांना सांगायला नको. पण दादाला सांगावं लागतं. आम्ही एक वही केली आहे. दुखणं आलं की तारीख घालून लिहायचं. दोन आठवड्यांत गेलं नाही तर डॉक्टर. श्वास लागला, ताप उतरेना, लघवीत लाल दिसलं, एका पायाला सूज आली, रात्री हाड ठणकून झोप मोडली, तर दोन आठवडे नाहीत, त्याच दिवशी. बाकी वेळी त्या विषयाला संध्याकाळच्या चहाएवढी मुभा. जेवताना काढायचा नाही.

आणि रोजचं छान चाललंय, खरंच. सकाळी पाववाला पोदेर येतो, हे स्वतः खाली उतरून पोई आणतात आणि वॉचमनशी गप्पा मारत बसतात. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, बाकी घरून. भूक आहे. परवा बांगड्याचं हुमण केलं तर दोनदा भात घेतला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, १.४ आहे, आधी ०.९ असायचं, पण एका किडनीवर एवढं चालतं. उरलेली किडनी हळूहळू जास्त काम उचलते. संध्याकाळी थकतात, दिवेलागणीला डोळे मिटतात, तेवढं आहे.

आता ते, जे फोनवर बोलवत नाही. आई, रागावू नको. चवथ झाली की स्कॅन होईपर्यंत आमच्याकडे येऊन राहते म्हणालीस. येऊ नको. मागच्या वेळी तू होतीस म्हणून मला गरम जेवण मिळालं, सोनूची शाळा सुटली नाही, हे मी जन्मात विसरणार नाही. पण तू ह्यांच्या ताटाकडे बघत बसायचीस. तुला बरं वाटावं म्हणून हे एक चपाती जास्त खायचे आणि रात्री पोट धरून गॅलरीत फेऱ्या मारायचे. तुला कधी कळू दिलं नाही. तू आत देवाजवळ रडायचीस तेही त्यांना ऐकू जायचं. भिंती पातळ आहेत आमच्या. तू काही चुकीचं केलं नाहीस. लेकीच्या संसाराची काळजी तू नाही करणार तर कोण? फक्त आत्ता ह्यांना कोणाला तरी बरं दाखवत राहण्याची ताकद नाही, आणि तुझ्यासमोर ते दाखवणारच. स्कॅन चांगला आला की महिनाभर ये. वाईट आला तर मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येईन, मग नाही म्हणालीस तरी ऐकणार नाही.

बाबा, रस्त्याकडचं कुळागर, ती माडा-पोफळींची बाग, विकायची भाषा काढू नका. ह्यांच्या ऑफिसचा विमा आहे, शिवाय गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड आहे, आम्ही तिघं म्हणून वर्षाला २.५ लाखांपर्यंत. लागलं तर सांगेन. तुमच्याकडे मागायला मला लाज वाटत नाही, कधी वाटली? बारावीच्या फीच्या वेळीही वाटली नव्हती.

परवा रात्री इथे जोरात गडगडत होतं. वीज चमकली आणि मी झोपेतच मोजायला लागले, एक, दोन, तीन. तुम्ही शिकवलेलं. गडगडाट यायला तीन मोजले की वीज किलोमीटरभर लांब, भ्यायचं नाही. मी तुमच्या पोटावर पालथी पडून मोजायची आणि पाचच्या पुढे गेलं की तुम्ही म्हणायचात, "गेली डोंगरापलीकडे, झोप आता." सात मोजले परवा. ह्यांनी विचारलं, काय पुटपुटतेस? सांगितलं तर तेही मोजायला लागले.

बरं, आता ऐका, दोघांनीही.

आईने पाठवलेली बिंबलाच्या आंबट फळांच्या रसाची बाटली मी ओतून टाकली. कोणी सांगितलं असेल की कोलेस्टेरॉल उतरतं, रक्त शुद्ध होतं. आमटीत दोन सुकी बिंबलं पडली तर कोणाचं काही बिघडत नाही, पण रस पेल्याने प्यायचा नाही. त्यात ऑक्झलेट नावाचा क्षार फार असतो. केरळात असा रस पिऊन धडधाकट माणसांच्या किडन्या बंद पडल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. बाबा सकाळी घेत असतील तर आजपासून बंद. करमलंही (स्टारफ्रूट) पाठवू नका. किडनी कमजोर असेल तर करमलाने उचक्या लागतात, फिटसुद्धा येऊ शकते. आणि चेपणीतलं तोर, मिठातली कैरी, नको. त्याचं नाव काढलं तरी ह्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, पण सगळं मीठ आहे ते.

बाबा, गुडघ्यासाठी फार्मसीतून आणता ती पांढरी गोळी कोणती, तिच्या पाकिटाचा फोटो सोनूला काढायला सांगा. डायक्लोफिनॅक निघाली तर माझी गाठ आहे. साखर, बीपी आणि वर रोज ती गोळी, म्हणजे दोन्ही चांगल्या किडन्यांवर आपणच घाव घालणं. डॉक्टरांना विचारून दुसरं काही घेता येईल. वाळपईच्या आरोग्य केंद्रात जाऊन क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्या, चवथीच्या आधी. आईलाही न्या. पायाला सूज येते म्हणत होती. बोटाने दाबून खड्डा राहतो का ते डॉक्टरांनी बघू दे.

गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायला शिडीवर चढायचं नाही. खालच्या घरातला मुलगा बांधेल, मी त्याच्याशी बोलले आहे, त्याला फक्त कांगल्या आणि घागऱ्या कुठे बांधायच्या ते खुर्चीवर बसून सांगा. ओरडू नका त्याच्यावर. सोनूला घुमट वाजवायला द्या, पण आरत्या संपल्या की काढून घ्या, नाहीतर रात्रभर वाजवील. त्याला ठिपक्याचं माहीत नाही. खोकल्याचं आणि बिटाचं माहीत आहे, तेवढंच बोला.

कोणी विचारलं तर सांगा, तब्येत बरी आहे, तपासण्या चालू आहेत, घरी विश्रांती घेतात. यात खोटं काही नाही. जास्त खोदून विचारलं तर आईने चहा आणायला आत जावं.

सोनूबरोबर नेवऱ्या पाठव. खोबऱ्याच्या, खव्याच्या नको. ह्यांच्यासाठी वेगळा डबा कर आणि वर नाव लिही, नाहीतर हा पोरगा म्हापशाला पोचेपर्यंत संपवील.

तुमची,
बाय

ता. क. बाबा, या पत्राचा फोटो काढून दादाला पाठवू नका. त्याला मी रविवारी फोन करून सांगते.