एएचयूच्या टेंडरात नुसते मिमी लिहून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की दरवर्षी पेपरात एखादी तरी बातमी येतेच, अमुक हॉलच्या सीलिंगमधून पाणी टपकतंय, तमुक दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बादली लावलीय, आणि खाली ठरलेलं वाक्य की निकृष्ट एसीमुळे गळती. मी नाशिकच्या अंबडला एएचयूचे पॅनल डिझाइन करतो, म्हणजे सेंट्रल एसीत हवा गार करून डक्टमध्ये ढकलणारं जे मोठं कपाटासारखं मशीन असतं ना, त्याच्या भिंती. म्हणून सांगतो, पुष्कळ वेळा तिथे काही फुटलेलं नसतंच. कॉइल धड असते, पाइप धड असतो, मशीनला बाहेरून घाम सुटलेला असतो आणि तो ओघळून खाली सीलिंगवर पडतो.

माझी तक्रार टेंडर लिहिणाऱ्यांबद्दल आहे. सरकारी असो की प्रायव्हेट, पॅनलबद्दल एकच ओळ असते, "डबल स्किन, ५० मिमी पफ, डेन्सिटी ४०", म्हणजे दोन पत्रे आणि मधे ५० मिमी जाडीचा पफ (पॉलियुरेथेन फोम), घनमीटरला ४० किलोचा. बस्स, पुढे सगळं रेटवर. आता ५० मिमी पफ वाईट अजिबात नाही, उलट मस्त आहे, पण पिंपळगाव-निफाडकडे द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमुळे पफ पॅनल सगळ्यांच्या इतका ओळखीचा झालाय की लोकांना वाटतं जाडी वाढवली की विषय संपला. कोल्ड स्टोरेजमध्ये पॅनल एकमेकांत खाचेत बसतात आणि कॅमलॉकने, म्हणजे आत बसवलेल्या फिरत्या आकड्यांनी, आवळतात, मधे लोखंड-अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा नसतो. एएचयूत असतो! चारी बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमची प्रोफाइल म्हणजे चौकटीच्या पट्ट्या, कॉर्नर, दरवाजे, बिजागऱ्या, स्क्रू. आणि पफपेक्षा अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता काही हजार पटीने जास्त जाते, तर तुम्ही मधल्या पॅनलमध्ये ५० काय १०० मिमी भरा, थंडावा फ्रेममधून बाहेर येणारच.

थोडा हिशेब देतो, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. जुलैत नाशिकला बाहेर २६ डिग्री आणि ह्युमिडिटी ८० टक्के धरा, दवबिंदू येतो साधारण सव्वाबावीस, म्हणजे ज्या पत्र्याचं टेंपरेचर त्याच्या खाली गेलं त्याला पाणी सुटणार. मशीनच्या आत हवा १३ डिग्री. पॅनलच्या मधोमध ५० मिमी पफ असला तर बाहेरचा पत्रा पंचवीसच्या वरच राहतो, अहो २५ मिमी असला तरी साडेचोवीसच्या आसपास राहतो, म्हणजे पॅनलचा मधला भाग दोन्हीत कोरडाच. आता फ्रेम. युरोपचं ईएन १८८६ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात सर्वात थंड कोपरा किती थंड पडतो याला टीबी १ ते टीबी ५ असे क्लास दिलेत, १ सगळ्यात चांगला. टीबी २ चा खालचा आकडा ०.६०, म्हणजे तो कोपरा आतल्या हवेपेक्षा आतबाहेरच्या फरकाच्या निदान ०.६ पट गरम राहतो. आतबाहेरचा फरक १३ डिग्री, त्याचे ०.६ पट ७.८, ते आतल्या १३ मध्ये मिळवा, म्हणजे तो कोपरा २०.८ डिग्रीला. टपकलाच. टीबी १ म्हणजे ०.७५ च्या वर, तिथे तोच कोपरा पावणेतेवीसला, कसाबसा वाचतो. ह्युमिडिटी ९० झाली, म्हणजे इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला जे नेहमीचंच आहे, तर दवबिंदू २४ च्या वर जातो आणि काठावरचं टीबी १ मशीन पण ओलं होतं. गंमत म्हणजे डिझाइनच्या मीटिंगमध्ये सगळे भांडतात मे महिन्याच्या ४० डिग्रीवर, तेव्हा हवा कोरडी असते, मशीनच्या पत्र्याला थेंब येत नाही. पॅनलची खरी परीक्षा जुलैत असते आणि तो आकडा स्पेसिफिकेशनमध्ये कुठेच नसतो.

थर्मल ब्रेक प्रोफाइल म्हणतात ती याचसाठी. अ‍ॅल्युमिनियमचे दोन तुकडे, आतला आणि बाहेरचा, मधे पॉलिअमाइडची (नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक) पट्टी, धातूला धातू लागत नाही. पण मग साइटवर कोणीतरी येतो आणि लांब सेल्फ टॅपिंग स्क्रू आरपार मारतो, दोन्ही पत्रे जोडून टाकतो, झालं. पावसाळ्यात कधी प्लांट रूममध्ये गेलात तर बॅटरी मारून बघा, पॅनल कोरडा ठणठणीत आणि स्क्रूच्या डोक्यांवर ओळीने एकेक थेंब, कुठला स्क्रू आरपार गेलाय आणि कुठला नाही ते मोजून घ्या. त्यावर सिलिकॉन थापतात तो निव्वळ टाइमपास.

दुसरी गोष्ट पत्र्याची, इथे खरी मारामारी आहे. एक चौरस मीटर पॅनलमध्ये ५० मिमीचा फोम जेमतेम २ किलो असतो आणि ०.८ मिमीचे दोन पत्रे मिळून साडेबारा किलो. मग पैसे कुठे वाचवणार? पत्र्यातच. ०.८ चा ०.६ करतात, दिसायला फरक शून्य, रंग तोच, मिमी तेच. पण फॅनने आत १००० पास्कल प्रेशर केलं तर एका चौरस मीटरवर १०० किलोचा दाब येतो, पातळ पत्र्याचा पॅनल फुगतो, दरवाजाचा गास्केट (फट बंद करणारी रबरी पट्टी) सुटतो आणि तिथून गार हवा बाहेर फुरफुरते, त्या फटीभोवती परत पाणी. फॅनच्या सक्शन बाजूला फट असेल तर अजून वाईट, फिल्टरच्या पुढे आणि फॅनच्या अलीकडे जी काही फट आहे तिथून प्लांट रूमची धुळकट हवा फिल्टरला न विचारता आत जाते. ऑपरेशन थिएटरवाल्यांनी याचा विचार करावा. त्याच स्टँडर्डमध्ये लीकेजचे एल १, एल २, एल ३ असे क्लास आहेत आणि फुगण्याचे डी १, डी २, डी ३, आकडे सगळे तयार आहेत, नुसते मागायचे आहेत.

फोमबद्दल पण थोडं. आपल्याकडे पूर्वी पफ फुगवायला एचसीएफसी-१४१बी नावाचं केमिकल वापरायचे, ते ओझोनच्या थराला खातं म्हणून १ जानेवारी २०२० पासून त्याची आयात बंद झाली, आता त्याच्या जागी सायक्लोपेंटेन नाहीतर एचएफओ ही केमिकलं. सायक्लोपेंटेन पेट घेतो म्हणून छोट्या शेडमध्ये त्याची व्यवस्था करणं खर्चिक पडतं. आणि आपल्या डिसेंबर-जानेवारीत सकाळी पत्रे इतके गार असतात की तापवून न घेता केमिकल ओतलं तर फोम पत्र्याला नीट धरत नाही, कोपऱ्यात पोकळ राहतं, बोटाने वाजवून बघा आवाज बदलतो. एखादा पॅनल मधोमध कापून दाखवा म्हणायला काय हरकत आहे? चांगला फॅब्रिकेटर नाही म्हणत नाही.

रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) की पफ हा वाद मी इथे घालत नाही, हॉस्पिटल असेल तर मी स्वतः रॉकवूल सुचवतो कारण ते जळत नाही आणि पफ जळताना विषारी धूर सोडतो. पण रॉकवूल भरला तर जॉइंट सील करायला दुप्पट लक्ष द्यावं लागतं, त्यात एकदा दमट हवा शिरून पाणी धरलं की इन्सुलेशन म्हणून त्याचा उपयोग संपला.

तर विनंती एवढीच, महापालिका असो, सिव्हिल असो, कॉलेजचं ऑडिटोरियम असो, पुढच्या टेंडरात मिमीच्या खाली टीबी क्लास, लीकेज क्लास आणि डिझाइनची जुलैची ह्युमिडिटी लिहा, आणि टेस्ट रिपोर्ट नुसत्या पॅनलचा नको, अख्ख्या केसिंगचा, म्हणजे फ्रेम-दरवाज्यांसकट पूर्ण खोक्याचा मागा, कारण पॅनलचा रिपोर्ट सगळ्यांचाच छान येतो. रेट थोडा वाढेल, वाढू दे. आणि जी मशीन्स आधीच बसलीत तिथे प्लांट रूमच्या खिडक्या पावसाळ्यात सताड उघड्या ठेवू नका, वॉचमनला वाटतं मशीनला हवा लागते म्हणून तो उघडतो, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक