स्टीबच्या खात्यावर काय मांडायचं?

टोरॉन्टो, रविवार रात्र

प्रिय सोन्या,
अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर तू म्हणालास, "बाबा, तुमचा स्टीब एवढा भारी पिचर होता तर बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये का नाही?" आणि लगेच ठेवलास. आई म्हणाली, जाऊ द्या हो. पण मला काही ते जाऊ देता येईना, म्हणून लिहायला बसलोय.

आधी तुझ्या बाजूचं सांगून टाकतो. डेव्ह स्टीब, आपल्या टोरॉन्टो ब्लू जेजचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. त्याच्या नावावर १७६ विजय आणि १३७ पराभव. २००४ साली हॉलच्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या त्या मानाच्या दालनाच्या, मतदानात त्याला ७ मतं पडली, म्हणजे १.४ टक्के. आत जायला ७५ टक्के लागतात, आणि ५ टक्क्यांच्या खाली गेलं की पुढच्या वर्षी मतपत्रिकेवर नावही येत नाही. एका फटक्यात फाइल बंद.

पण हे विजय-पराभव पिचरच्या खात्यावर मांडायचे, ही रीतच मला कधी पटली नाही. पिचर धावा रोखतो, काढतात दुसरे. त्यांनी काढल्या नाहीत तर हरला कोण, तर म्हणे पिचर. भाजीत मीठ नाही म्हणून वाढप्याला बोल लावायचा, त्यातला प्रकार! १९८५ साली अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात कमी ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी) स्टीबचा होता, २.४८. संघ ९९ सामने जिंकला. आणि ह्याची नोंद? १४ विजय, १३ पराभव.

१९८२ तर त्याहून वाईट. २८८ इनिंग टाकल्या, १९ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने ओढले, दोन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला मिलवॉकीच्या पीट वुकोविचला. त्याच्या इनिंग ह्याच्यापेक्षा साठाहून अधिकने कमी, ईआरएसुद्धा किंचित वाईट; पण नोंद १८-६, आणि संघ पहिला. आपले ब्लू जेज तळाला होते. मतं देणाऱ्यांनी पिचर बघितलाच नाही, फळा बघितला.

आणि हा माणूस मुळात पिचर नव्हताच! कॉलेजात आउटफिल्डर, म्हणजे लांब मैदानात फील्डिंग करणारा होता, बॅटिंगवर भरवसा असलेला. जेजचे लोक त्याला बघायला म्हणून गेले आणि त्याचा हात बघून आले. १९७८ साली घेतला, १९७९ च्या जूनमध्ये मोठ्या लीगमध्ये उभा. त्याचा तो स्लायडर बॉल मी डोळ्यांनी पाहिलाय. बॅटरला वाटायचं आला बॉल पट्ट्यात, बॅट फिरवेपर्यंत तो बाहेर निघून गेलेला असायचा.

३० सप्टेंबर १९८८. आम्हाला इथे येऊन वर्षच झालं होतं. ऑफिसातला एकजण मला एक्झिबिशन स्टेडियमवर घेऊन गेला. तलावावरचा वारा असा, की बाकावर वर्तमानपत्र घालून बसलो होतो. मला नियम अर्धेच कळत होते, पण आठव्या इनिंगनंतर शेजारचा माणूस बोलायचाच थांबला, तेव्हा कळलं की काहीतरी चाललंय. सहा दिवस आधी क्लीव्हलँडमध्ये स्टीबचा नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना अख्ख्या सामन्यात एकही हिट न देणं, एका स्ट्राइकवर हुकला होता (तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर बाद). साधा सरपटी बॉल टप्पा खाऊन सेकंड बेसमनच्या डोक्यावरून गेला. आणि इथे पुन्हा तेच: शेवटची, नववी इनिंग, तिघांपैकी दोन बाद, दोन स्ट्राइक. बॉल्टिमोरच्या ट्रेबरने बॉल कसातरी उडवला, फर्स्ट बेसमनच्या हाताच्या जेमतेम पलीकडे पडला. हजारो माणसं, आणि एक आवाज नाही. पुढच्या ऑगस्टला यांकीजविरुद्ध तर सव्वीसच्या सव्वीस बाद केले, सत्ताविसाव्याने, म्हणजे शेवटच्याने, डबल (दोन बेसचा फटका) मारला. शेवटी २ सप्टेंबर १९९० ला, क्लीव्हलँडमध्येच, जमलं. मी स्वयंपाकघरात रेडिओ धरून उभा होतो. आई घाबरून बाहेर आली, इतका ओरडलो.

मला शिवाजी पार्क आठवलं, पद्माकर शिवलकर आठवला. प्रथम श्रेणीत ५८९ विकेट, आणि कसोटी एकही नाही, कारण त्याच काळात तसाच डावखुरा फिरकीवाला बेदी होता. स्टीबचं तेवढं नशीब फुटकं नव्हतं, सात वेळा ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक संघात आला. पण स्वभाव तिरसट. मागे कोणी कॅच सोडला की वळून असा बघायचा, की त्या बिचाऱ्याने पुढचाही सोडावा. मतं देणारेही माणसंच, त्यांना हे आठवलं असेल.

मग मी मत दिलं असतं का? छातीठोक सांगत नाही. पाठ आणि खांदा गेला, ३,००० इनिंगसुद्धा भरल्या नाहीत. ऐंशीच्या दशकात त्याच्याहून जास्त विजय एकट्या जॅक मॉरिसचे. तो मतपत्रिकेवर बरीच वर्षं टिकला, डिसेंबर २०१७ मध्ये हॉलच्या समितीने त्याला निवडलं आणि २०१८ साली तो आत गेला. त्याचा ईआरए ३.९०, स्टीबचा ३.४४. १९९२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, मॉरिस आपल्यासाठी उतरला आणि स्टीब जायबंदी होऊन बघत बसला. मॉरिस आत आहे त्याला माझी ना नाही. पण स्टीबवर एका वर्षात पडदा टाकला, ते चुकलंच. निदान दहा वर्षं तरी वाद घालू द्यायचा होता.

१९८८ च्या त्या रात्रीच्या तिकिटाचा तुकडा सोबत ठेवलाय. मागे आईने पेन्सिलीने वाण्याची यादी लिहिली आहे, तूरडाळ, हिंग वगैरे. जपून ठेव, लॅमिनेट वगैरे करू नकोस.

तुझा,
बाबा