यंदा वाण तपासणीचे: कर्करोग तपासणी निधीसाठी मंडळाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

रामबाग, नारायण बागेपासून राजेंद्र नगर, सुदामा नगरपर्यंत इंदूरच्या आपल्या मराठी घरांत कुणाला कॅन्सर निघाला की माणसे धावून येतात. ऑपरेशनला पैसे जमतात, रक्त द्यायला पोरे तयार असतात, कुणीतरी अवंतिका एक्सप्रेसची तिकिटे काढून पेशंटबरोबर मुंबईत परळला टाटा कर्करोग रुग्णालयापर्यंत जाते. या आपुलकीचा मंडळाला अभिमान आहे. पण ही धावपळ बहुतेक वेळा आजार बराच पुढे गेल्यावर सुरू होते. आज आम्ही आपल्याकडे मागतो आहोत ते त्याच्या आधीच्या दिवसांसाठी. गाठ हाताला लागली किंवा तोंडात पांढरा चट्टा दिसला, तिथपासून निदानाचा कागद हातात पडेपर्यंतच्या दिवसांसाठी.

या दिवसांत पेशंट एकटा असतो. सरकारच्या आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, ही सोय झाली आहे. मात्र कार्ड उपयोगी पडते ते दाखल झाल्यावर. त्याआधी ओपीडीत होणारी सोनोग्राफी, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) यांचे पैसे बहुतेकांना खिशातूनच भरावे लागतात. सरकारी रुग्णालयात खर्च कमी येतो, पण फेऱ्या होतात आणि दर फेरीला एक दिवसाची कमाई बुडते. स्वयंपाकाची कामे करणारी किंवा घरगुती डबे देणारी बाई मग म्हणते, ‘दुखत तर नाही ना, बघू दिवाळीनंतर.’ घात होतो तो इथे. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, तोंडातला चट्टाही दुखत नाही. दुखायला लागेपर्यंत थांबायचे म्हणजे उपचार लांबवायचे, वाढवायचे आणि बरे होण्याची शक्यता कमी करायची.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले. त्यांत पहिला क्रमांक स्तनाच्या कर्करोगाचा, त्यानंतर तोंडाचा आणि मग गर्भाशयमुखाचा. तिन्ही जागा अशा आहेत की प्रशिक्षित डोळ्यांना आणि हातांना दोष लवकर सापडू शकतो. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीसुद्धा गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती. स्तनांच्या तपासणीचे प्रमाण तर शंभरात एकापेक्षाही कमी होते. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या घरांतही हीच गत आहे, हे आम्ही आपल्या वस्तीत फिरताना पाहतो आणि फार वाईट वाटते.

तपासणीने खरेच जीव वाचतात का, असे काही जण विचारतात. उत्तर आपल्याच मुलखातून मिळालेले आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांमध्ये, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी आयुष्यात फक्त एकदा तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या कामात तर यंत्रसुद्धा लागले नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावले, म्हणजे घरच्या व्हिनेगरसारखेच द्रव, आणि मिनिटभर थांबून पाहिले. पेशी बिघडल्या असतील तिथे पांढरा डाग उमटतो. एवढ्याने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात ठरावीक काळाने हातांनी स्तन तपासल्यामुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

म्हणून मंडळाने ठरवले आहे की यंदा संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदी-कुंकवात वाण तपासणीचे द्यायचे. स्टीलची वाटी, प्लॅस्टिकचा डबा यांवर आपण जो खर्च करतो तो, किंवा त्यातला जमेल तेवढा भाग, या निधीत द्यावा. ज्या घरी हळदी-कुंकू असेल तिथे आमच्या भगिनी येऊन दहा मिनिटे बोलतील आणि ३० ते ६५ वयाच्या ज्या बायका तयार होतील त्यांची नावे टिपून घेतील. तपासणी घरात होणार नाही. जवळच्या सरकारी संजीवनी क्लिनिकमध्ये किंवा स्त्री डॉक्टरांकडे, चार-पाच जणींना बरोबर घेऊन जाऊ. एकटीने जायची लाज वाटते, मैत्रिणी सोबत असल्या की वाटत नाही. जाऊबाई, नणंद, घरी कामाला येणारी ताई, साऱ्यांनाच घेऊन या. त्या मराठीच असल्या पाहिजेत असे मुळीच नाही.

निधीचा पैसा जाईल तो तपासणीत काही संशयास्पद निघाल्यास पुढच्या चाचण्यांवर, रिक्षाभाड्यावर आणि अगदी गरज असेल तिथे बुडालेल्या रोजीवर. बायोप्सीबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने माणसे महिनोन्‌महिने काढे आणि लेप करत बसतात. डॉक्टरांनी रीतसर घेतलेल्या तुकड्याने कर्करोग पसरत नाही. उलट त्या तुकड्यावरूनच ठरते की ऑपरेशन आधी की केमो आधी, हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होईल का, विशिष्ट इंजेक्शन लागेल का. तुकड्याशिवाय उपचार म्हणजे अंधारात दगड मारणे.

पुरुषमंडळींनो, आपल्याशीही बोलायचे आहे. आपल्या मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली, २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांखाली देशात सर्वांत आधी. पण पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या घेऊन तोंडात एकत्र करणे कुठे थांबले? तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोग घडवते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच दिला आहे. तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, दोन आठवड्यांत न भरणारा फोड असेल, तर दाखवून घ्या. घरातल्या आजींची मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे, हे त्यांना प्रेमाने सांगा. सोडायची इच्छा असणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. मंडळाच्या पंगतीत आणि गणेशोत्सवात यापुढे सुपारी ठेवली जाणार नाही. बडीशेप असेल. पूजेची सुपारी पूजेत राहील.

किशोरवयीन मुलींच्या एचपीव्ही लसीचा खर्च या निधीत धरलेला नाही. पण ९ ते १४ हे वय त्यासाठी सर्वांत योग्य आहे, तेव्हा आई-वडिलांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे मोठेपणी तपासणी करावीच लागते.

पैशांइतकीच निकड आहे खोल्यांची. खंडवा, बुऱ्हाणपूर, देवासहून आपली माणसे उपचाराला इंदूरला येतात. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालते. रोजचे येणे-जाणे झेपत नाही, लॉज परवडत नाही आणि काही जण उपचार अर्धवट टाकून गावी निघून जातात. अर्धवट रेडिएशन म्हणजे सोसलेले सगळे वाया जाण्याचा धोका. वरची खोली रिकामी असेल, मुले पुण्या-बंगलोरला असतील, तर एका पेशंटला आणि त्याच्या सोबत्याला महिना-दीड महिना आसरा द्या. कर्करोग लागट नाही. एका ताटात जेवल्याने तो होत नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे आणि सकाळ मोकळी आहे अशा निवृत्त काकांची एम. वाय. या सरकारी रुग्णालयापर्यंत सोडायला-आणायला मोठी मदत होईल. निवृत्त परिचारिका, लॅब टेक्निशियन भगिनी पुढे आल्या तर रिपोर्टचे कागद नीट लावण्यापासून आयुष्मान कार्डाच्या अर्जापर्यंत बरेच काम मार्गी लागेल.

देणगी कितीही चालेल. चेक किंवा यूपीआय फक्त मंडळाच्या खात्यावर करावा. कुणाही व्यक्तीच्या मोबाइलवर पैसे पाठवू नयेत, मग तो कार्यकर्ता ओळखीचा का असेना. पावती जागेवर मिळेल. जमा-खर्च दर महिन्याला कार्यालयाच्या फलकावर लावला जाईल. पेशंटचे नाव मात्र कुठेही येणार नाही, फोटो काढला जाणार नाही.

खोली, गाडी, वेळ किंवा देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी, तसेच स्वतःची तपासणी करायची असणाऱ्यांनी मंडळाच्या कार्यालयात रोज सायंकाळी ६ ते ८ या वेळेत नाव नोंदवावे. स्त्रियांची नोंद भगिनीच घेतील. आपल्या घरी हळदी-कुंकू कोणत्या दिवशी आहे ते मकर संक्रांतीच्या आठवडाभर आधी कळवले, तर भगिनींच्या फेऱ्या ठरवणे सोपे जाईल.

आपली,
आरोग्य समिती, महाराष्ट्रीय मंडळ, इंदूर