पानिपतावर माणूस पाठवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘काळयंत्र मिळाले तर इतिहासात काय बदलाल?’ या प्रश्नाला वाचकांनी दिलेली उत्तरे वाचली. बरीचशी पानिपतची निघाली, याचे नवल वाटले नाही. वाईजवळच्या एका शाळेत मी इतिहास शिकवत असे. जानेवारी आला की वर्गात हाच खेळ चाले.

बहुतेकांनी आपला माणूस 14 जानेवारी 1761 च्या सकाळी पाठवला आहे. पेशव्यांचे चिरंजीव विश्वासरावांना पुढे जाऊ देऊ नका, सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांनी हत्तीवरून उतरू नये, अशा सूचना घेऊन. तोवर छावणीतला दाणा संपला होता. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे ठरवूनच फौज बाहेर पडली होती. तिथे पोचलेला आपला माणूस म्हणजे फार तर आणखी एक खाणारे तोंड. एका वाचकाने ‘संक्रांतीच्या पहाटे’ अशी वेळ दिली आहे. ‘पानिपतावर संक्रांत कोसळली’ हे ऐकून ऐकून आपण दोन तारखा एक करून टाकल्या! संक्रांतीची तारीख काळाबरोबर पुढे सरकत आली आहे. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख 12 जानेवारी 1863. त्याच्या शंभर वर्षे आधी ती 10 तारखेच्या सुमारास येई. खरी संक्रांत कोसळली ती आदल्या वर्षी, 10 जानेवारी 1760 ला, दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर मराठा सरदार दत्ताजी शिंदे पडले तेव्हा.

मुलांचा आवडता मुहूर्त ऑक्टोबर 1760 चा. भाऊंनी कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला, रसद हाती आली. यमुनेपलीकडचा अफगाण बादशहा अब्दाली इतक्यात नदी उतरत नाही, असा अंदाज होता. तो बागपतजवळ उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. हे भाऊंना आठवडाभर आधी कळवले तर? मी विचारी, बागपतला बसलेला पहारा अब्दालीच्या हेरांना दिसणार नाही का? तो दुसरा उतार शोधील. म्हणजे पुढची बातमी एकदाच कामाला येते. ती वापरली की त्यानंतर काय घडेल ते आपल्या माणसालाही ठाऊक नसते, तो इतरांइतकाच आंधळा.

आणि भाऊंनी त्याचे ऐकावे तरी का? बायकामुले, यात्रेकरू, जड तोफा मागे किल्ल्यांत ठेवा, सडे होऊन गनिमी काव्याने लढा, हे सूरजमल जाटाने सांगितलेच होते. मल्हारराव होळकरांचेही मत तेच. अडीचशे वर्षांनंतरचा माणूस याहून वेगळे काय सांगणार होता? भाऊंना नुसते हट्टी म्हणून मोकळे होणाऱ्यांतला मी नाही. फेब्रुवारीत उदगीरला निजामाला नमवून ते आले होते, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ जवळ होते. जिंकून आलेल्याने जिंकण्याची रीत का सोडावी? बरे, शहाणा सल्ला देणारे हेच मल्हारराव 1757 साली काय करून बसले होते? दिल्लीत हाती सापडलेल्या रोहिला सरदार नजीबखानाला धर्मपुत्र म्हणून त्यांनीच वाचवले. पुढे अब्दालीला इथे टिकवून धरण्यात त्याच नजीबाचा मोठा हात.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मी भाऊंकडे जाणारच नाही, पुण्याला जाऊन हिशेबाच्या वह्या बघेन. तिचे वडील गावच्या विकास सोसायटीत सचिव होते. तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले. पेशव्यांचे भाऊ रघुनाथराव अटकेच्या स्वारीवरून आले ते सुमारे 80 लाखांचे कर्ज घेऊन. भाऊंनी त्यावरून बोल लावला आणि पुढची स्वारी भाऊंच्याच गळ्यात पडली, असे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी ग्रँट डफ लिहितो. दिल्लीत पोचल्यावर फौजेच्या पगारासाठी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून वितळवावे लागले. पैसा आणि धान्य पाठवा म्हणून ज्यांच्यामागे भाऊंचा तगादा होता, ते पेशव्यांचे उत्तरेतले अंमलदार गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद मारता मारता डिसेंबरात मारले गेले. त्याच डिसेंबरात नानासाहेब पेशवे पैठणला नवे लग्न लावून घेत होते. इथे मात्र मला भविष्यातून जाऊन कुणाचा तरी कान धरावासा वाटतो.

पण त्या मुलीचे तरी पुण्यात कोणी ऐकले असते का? ‘झेंडे नंतर लावा, आधी वसुली करा’ म्हणणारा माणूस 1758 च्या पुण्यात शनिवारवाड्याच्या देवडीवरूनच परत गेला असता. आपण तरी आजवर भाषणांत अटकेपारचा झेंडाच फडकवतो, त्या कर्जाचा आकडा कोण सांगतो?

‘पानिपत जिंकले असते तर इंग्रज आले नसते’ असे एका वाचकाने ठामपणे लिहिले आहे. इंग्रजांनी बंगालमध्ये जिंकलेली प्लासीची लढाई 1757 ची, पानिपतच्या आधीची. उलट पानिपत हरूनही दहा वर्षांत, 1771 साली, मराठे पुन्हा दिल्लीत होते आणि पुढच्याच वर्षी मोगल बादशहा शाह आलम त्यांच्या आधाराने तख्तावर परतला. तरीही 1818 साली पेशवाई बुडायची टळली नाही.

जाता जाता एक तक्रार. लेखासोबतच्या नकाशात अब्दाली उत्तरेला आणि मराठे दक्षिणेला दाखवले आहेत. त्या दिवशी नेमके उलट होते. दिल्लीच्या बाजूला अब्दाली होता, म्हणून तर रसद तुटली. शाळांत अशी कात्रणे फलकावर लागतात, तेव्हा नकाशा दुरुस्त करून येत्या रविवारी पुन्हा छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, वाई