विषय: डायलिसिसदरम्यान येणारे पेटके, न तपासलेले ड्राय वेट आणि काल झालेला अपमान

प्रति,
व्यवस्थापन प्रमुख,
रुग्णसेवा विभाग

महोदय,

काल दुपारी आपल्या ग्राहकसेवा क्रमांकावर मी पाचव्यांदा फोन केला, आणि ते बोलणे संपल्यावर लेखी तक्रार करण्यावाचून मला दुसरा मार्ग उरला नाही. डायलिसिसचे मशीन रक्त कसे शुद्ध करते आणि अंगात साठलेले जास्तीचे पाणी कसे काढते, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, आणि म्हणूनच जे घडले ते मला अक्षम्य वाटते.

माझी आई आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, आपल्या केंद्रात डायलिसिस घेते. गेल्या दोन महिन्यांत जवळजवळ प्रत्येक सत्राच्या शेवटच्या तासात तिच्या पायांत पेटके आले आहेत. झोपेत पायात गोळा आला तर माणूस उठतो, पाऊल जमिनीवर टेकवतो, चार पावले चालतो. आईच्या हातात दोन सुया असतात आणि फिस्टुलाचा (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेचा) हात तसूभरही हलवायचा नाही, अशी सक्त ताकीद असते. त्यामुळे पोटरी दगडासारखी कडक झाली, पावलाची बोटे खाली वळून घट्ट मिटली, तरी ती पाठीवर पडून राहते आणि दुसऱ्या हाताने चादरीची कड मुठीत आवळून धरते. अशा वेळी कोणीतरी तळव्याला हात लावून पावलाची बोटे गुडघ्याच्या दिशेने दाबून धरायची असतात आणि त्याच वेळी मशीनवरचा पाणी काढण्याचा वेग कमी करायचा असतो किंवा काही काळ थांबवायचा असतो. नातेवाइकांना आत येऊ दिले जात नाही, म्हणजे हे काम आपल्या कर्मचाऱ्यांचेच आहे. प्रवेशाच्या वेळी आपण दिलेल्या पुस्तिकेत तर स्पष्ट लिहिले आहे की पेटक्याची पहिली कळ जाणवताच कर्मचाऱ्यांना सांगावे. आईने दर वेळी सांगितले. तिला मिळालेले उत्तर होते, "थोडं सहन करा, वीस मिनिटंच राहिली आहेत."

पेटके का येतात, याचे उत्तर आपल्याच नोंदींत आहे. आईचे ड्राय वेट, म्हणजे अंगात जास्तीचे पाणी नसतानाचे वजन, ५४ किलो ठरवले गेले त्याला आठ महिने झाले. तेव्हा ती एका मोठ्या जंतुसंसर्गातून उठली होती, जेवण जात नव्हते आणि दंडाची हाडे दिसत होती. त्यानंतर तिची भूक परतली, आहारतज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे तिने प्रथिने वाढवली, आणि तेव्हा सैल झालेल्या कपड्यांच्या बाह्या आता दंडाला पुन्हा घट्ट बसतात. हे वाढलेले वजन मांसाचे आहे. परंतु आपल्या कागदावर ती आजही ५४ किलोचीच आहे. ती ५७.२ किलो वजनाने येते तेव्हा मशीनवर ३.२ लिटर पाणी काढण्याचे लक्ष्य लावले जाते. चार तासांत हा वेग तासाला प्रतिकिलो जवळजवळ १५ मिलिलिटर होतो. तासाला प्रतिकिलो १३ मिलिलिटरच्या वर जाऊ नये, हा दंडक आपल्या तंत्रज्ञांना मी सांगायला नको. गेल्या पंधरवड्यात एका दिवशी मशीन उशिरा सुरू झाले, सत्र साडेतीन तासांचे केले गेले, मात्र लक्ष्य ३.२ लिटरच ठेवले, म्हणजे वेग जवळजवळ १७ झाला. त्या दिवशी पेटके दोन्ही पायांत आले, आणि पोटातही आले.

मशीन फक्त रक्तातले पाणी ओढू शकते, आणि पेशींभोवती साठलेले पाणी रक्तात परत यायला वेळ लागतो. त्याच्या आधीच पाणी ओढले गेले की रक्तवाहिन्यांतले रक्त कमी पडते, स्नायूंना रक्त पुरत नाही आणि ते आकसतात. आणि जे पाणी शरीरात जास्तीचे नाहीच, तेही काढायचा हट्ट धरला तर शेवटच्या तासात दुसरे काय होणार? आईचे खरे ड्राय वेट ५५.५ किलोच्या आसपास असेल, तर ती ५७.२ किलो वजनाने आली त्या दिवशी तिच्या अंगात काढण्यासारखे पाणी १.७ लिटर होते. उरलेला दीड लिटर आपण तिच्या रक्तातून काढत होतात.

माझा हा अंदाज खरा असावा, याचा पुरावाही आपल्याच केंद्रात आहे. मागच्या महिन्यात एका सत्राला आपल्याकडील एक ज्येष्ठ परिचारिका कामावर होत्या. त्यांनी आईच्या पायांवर सूज आहे का ते दाबून पाहिले, उभे असताना आणि बसल्यावर बीपी मोजले, धाप लागते का ते विचारले, डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या परवानगीने लक्ष्य एक लिटरने कमी केले. त्या दिवशी एकही पेटका आला नाही. आई घरी चालत आली, तिने जेवण केले आणि रात्री ती शांत झोपली. पुढच्या सत्राला त्या परिचारिका दुसऱ्या पाळीत होत्या आणि मशीनवर पुन्हा ५४ चा आकडा होता. एका माणसाने दहा मिनिटे काढून जे केले, ते आपल्या पद्धतीत बसत नाही, असा याचा अर्थ मी घ्यावा का?

आता त्या कागदाविषयी. पेटके असह्य झाले की आईला वीस-पंचवीस मिनिटे आधी मशीनवरून काढले जाते आणि मला आत बोलावून एका छापील कागदावर सही मागितली जाते. त्यावर लिहिलेले असते की रुग्णाने वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वेच्छेने उपचार थांबवले. मी नऊ वेळा ती सही केली आहे. आईने स्वेच्छेने काहीही थांबवलेले नाही. तिला वेदना होत होत्या, वेग कमी करा असे ती सांगत होती आणि वेग कमी केला गेला नाही. दर सत्रात वीस मिनिटे गेली तर आठवड्याला बारा तासांपैकी एक तास जातो, आणि तेवढ्या रक्तशुद्धीला ती मुकते. पुढे तिच्या तपासण्या बिघडल्या तर कागदपत्रांत दोष तिचाच दिसेल. यापुढे मी त्या कागदावर सही करणार नाही.

आता कालचे संभाषण. अठरा मिनिटे थांबल्यावर फोन जोडला गेला. मी ड्राय वेटविषयी बोलत असताना आपल्या प्रतिनिधीने मला मधेच थांबवले आणि म्हणाले, "वजन वाढलं की पेटके येणारच. पेशंटने पाणी कमी प्यायचं असतं." मी सांगितले की आई दिवसाचे पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून भरते, बाटलीवर पेनाने रेघा मारलेल्या आहेत आणि जेवणात मीठ जवळजवळ नाही. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, घरच्यांना असंच वाटतं. पेशंट लपून पाणी पितात. आम्ही रोज बघतो." मी विचारले, "तुम्ही माझ्या आईला कधी पाहिलं आहे का?" ते म्हणाले, "पाहायची गरज नाही, सगळे सारखेच असतात." मी म्हणाले की मला तक्रार नोंदवायची आहे. त्यांनी सांगितले की बिल, वेळापत्रक आणि स्वच्छता एवढ्याच प्रकारांत तक्रार नोंदवता येते, आणि पेटके त्यांत बसत नाहीत. मग डॉक्टरांशी बोलणे करून द्या, असे मी म्हटले, तेव्हा त्यांनी "तुम्ही शांत झालात की पुन्हा फोन करा" असे सांगून फोन ठेवला.

फोन स्पीकरवर होता. आई माझ्या शेजारी बसून सगळे ऐकत होती. ती काहीच बोलली नाही. रात्री तिने गोळ्या पाण्याशिवाय गिळल्या. मी पेला पुढे केला तर तिने तो हाताने बाजूला सारला. बाटलीतले पाणी सकाळी चौथ्या रेघेपर्यंत तसेच होते. अठ्ठावन्न वर्षांच्या, कधी कोणाशी खोटे न बोललेल्या बाईला आपल्या माणसाने चोर ठरवले, आणि तिने ते मनाला लावून घेतले. या एका गोष्टीसाठी मी आपल्याला क्षमा करू शकत नाही.

याआधीच्या एका फोनवर मला सांगण्यात आले होते की पेटक्यांसाठी रात्री क्विनाइनची गोळी सुरू करून पाहा. रक्ताचे आणि हृदयाच्या ठोक्यांचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्येच पायांच्या पेटक्यांसाठी क्विनाइन वापरू नये असा इशारा दिला आहे. डायलिसिस चालवणाऱ्या कंपनीच्या फोनवरून, डॉक्टरांना न विचारता, असा सल्ला दिला जातो हे आपल्याला मान्य आहे का, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

आईचे ड्राय वेट डॉक्टरांनी स्वतः तिला तपासून नव्याने ठरवावे आणि यापुढे ते निदान महिन्यातून एकदा तपासावे. पाणी काढण्याचा वेग १३ च्या वर जात असेल तर लक्ष्य कमी करावे किंवा सत्राचा वेळ वाढवावा. डायलिसिसच्या द्रवातले सोडियम वाढवून किंवा दर वेळी सलाइन देऊन वेळ मारून नेऊ नये, कारण त्याने तहान वाढते आणि पुढच्या सत्राला वजन आणखी वाढलेले असते. मी सही केलेल्या नऊही कागदांवर पेटक्यांचे खरे कारण नोंदवावे आणि त्यांच्या प्रती मला द्याव्यात. त्या प्रतिनिधीने माझ्या आईची क्षमा मागावी, माझी मागण्याची गरज नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही आपले केंद्र निवडले, कारण पहिल्या दिवशी तिथल्या माणसांनी आईचा हात धरून तिला सुईची भीती घालवायला मदत केली होती. तो विश्वास आता उरलेला नाही. हे पत्र मी आरोग्य खात्याला आणि ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेलाही पाठवत आहे, आणि दुसऱ्या केंद्रात जागेसाठी अर्ज केला आहे. ती जागा मिळेपर्यंत आईला आपल्याकडेच यावे लागणार आहे.

तिचे पुढचे सत्र परवा सकाळी सहा वाजता आहे. मशीनवर त्या दिवशी कोणता आकडा लावला जाणार आहे, हे मला त्याआधी लेखी कळवावे.

आपल्या केंद्रातील एका रुग्णाची मुलगी